वेलीतला उलटा शब्द

थर्झा हिकमॉटला गप्प बस म्हणणं म्हणजे सरसाला चिकटू नकोस म्हणणं. सांगणाऱ्याचीच बोटं अडकायची. अख्ख्या टनब्रिज वेल्स गावाला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या मिस्टर ऑव्हेंडनना, आणि तेही तिच्याबरोबर एका छपराखाली अठरा वर्षं काढून. आता काय म्हणावं अशा माणसाला!

एकेकाळी ते छप्पर दोघांचं होतं. थर्झाचा बाप जोसाया हिकमॉट आणि हे ऑव्हेंडन भागीदार. लिहायच्या पेट्या करायचे. झाकण उघडलं की आतून मखमलीचा उतार पुढे येतो, वरच्या खणात दौत आणि टाक बसतात, अशा पेट्या. मांडीवर घ्या, गाडीत घ्या, बोटीवर घ्या, बसाल तिथे पत्र लिहा. बाप झाकणावरची नक्षी घडवायचा, ऑव्हेंडन पुढच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे. मग बाप गेला. मागे बिनलग्नाची मुलगी. वकिलाच्या कागदात काय होतं ते देव जाणे, पण वर्षाच्या आत कारखाना ऑव्हेंडनांचा, दुकान ऑव्हेंडनांचं, आणि थर्झा जिथे झोपायची ती माडीसुद्धा ऑव्हेंडनांची झाली. भागीदाराची मुलगी कामाला लागली आणि भागीदाराला 'मालक' म्हणू लागली.

हिकमॉटांचं म्हणून एकच राहिलं. पेटीच्या तळाला चिकटवायचं लेबल. हाताच्या पंजाएवढा कागद, त्यावर छापलेलं: वरच्या ओळीत 'हिकमॉट', तिच्याखाली 'आणि ऑव्हेंडन', आणि त्याच्याखाली बापानं स्वतः घातलेला मजकूर. 'या चित्रातला हरेक रंग झाडाचा आणि इथल्या झऱ्याच्या पाण्याचा. बाहेरच्या रंगाचा थेंब नाही.'

हे काम कधी पाहिलं नसेल त्याला वाटतं, झाकणावर चित्र रंगवलंय. अहो, रंगवायचंच असतं तर एवढं रडायचं कशाला? हे काड्यांचं काम. वीतभर लांब, गवतासारख्या बारीक लाकडी काड्या. पांढरी हवी तर हॉलीच्या झाडाची, तांबडी हवी तर यूच्या झाडाची, काळी हवी तर दलदलीत शेकडो वर्षं गाडल्या गेलेल्या ओकची. चौकटीच्या कागदावर चित्र काढायचं, एका चौकटीला एक काडी, आणि कागद सांगेल तशा हजारभर काड्या सरसानं एकमेकींना चिकटवून ठोकळा करायचा. ठोकळ्याच्या तोंडावर चित्र उमटतं. मग पाव कापावा तसा तो ठोकळा करवतीनं कापायचा. नखाएवढ्या जाडीचा एकेक काप, आणि प्रत्येक कापावर तेच चित्र. आत घातलेली काडी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. चुकीची घातली तर चूकही तशीच शेवटपर्यंत जाते. "पोरी, या धंद्यात मागाहून पुसायची सोय नाही," असं जोसाया म्हणायचा. बायकांनी काड्या लावू नयेत असा कारागिरांचा रिवाज होता. जोसायानं तो रिवाज चुलीत घातला आणि मुलीला सगळं शिकवलं.

सगळ्यात अवघड हिरवा. ओकची फांदी मोडून पडते, ओल्या पाचोळ्यात कुजत राहते, आणि शंभरात एखादीला आतून बुरशी लागून ती मोरचुदासारखी निळसर हिरवी होते. तिच्यासाठी वादळ झालं की बापलेक रान तुडवायला निघायचे. फांदी उचलायची, चाकूनं कोपरा खरवडायचा, टाकून द्यायची. पुन्हा उचलायची. संध्याकाळपर्यंत एखादी मिळाली तर बाप तिला काखेत मारून गाणं म्हणत घरी यायचा. न मिळाली तर त्या महिन्यात पेटीवर झाड नाही, गवत नाही. नुसता पडका किल्ला आणि करडं आभाळ.

एकदा एका लाकूडवाल्यानं जोसायाला फसवलं होतं. हिरव्या ओकच्या जुडीत रंगवलेल्या काड्या मिसळल्या. जोसायाला कळलं तेव्हा दोन पेट्या विकल्या गेल्या होत्या. बाप उठला, डोक्याला टोपी घातली आणि दोन्ही घरांच्या मागच्या दाराशी जाऊन, टोपी हातात घेऊन सांगून आला, "माझ्या पेटीत खोटं गेलंय, बदलून देतो." एका घरच्या मोलकरणीनं त्याला वेडा समजून दार लावून घेतलं. थर्झा तेव्हा बारा वर्षांची होती आणि रस्त्यावर उभी राहून हे बघत होती. लाजेनं तिचे कान तापले होते. आता सेहेचाळिसाव्या वर्षी तोच प्रसंग आठवला की तिची मान ताठ व्हायची.

तर अशा मुलीसमोर ऑव्हेंडननी मार्चमधल्या एका सकाळी लंडनहून आलेली बाटली ठेवली. आतलं पाणी इतकं हिरवं की पोपटानंही बघून लाजावं.

"हे काय?" थर्झानं विचारलं.

"प्रगती!" ऑव्हेंडन म्हणाले. माणूस दिसायला रुबाबदार, मिशा तेल लावून वळवलेल्या. "पांढऱ्या काड्या यात उकळायच्या. एका दुपारी वर्षाचा हिरवा तयार. चिखलात हिंडायला नको, की पाय ओले करायला नको."

"आणि लेबल?"

"लेबलाचं काय?"

"त्यावर लिहिलंय, थेंब नाही. इथे तर अख्खी बाटली आहे."

"अगं, लेबल कोण वाचतंय!"

"मग काढून टाका की."

"ते कसं काढणार? लेबल बघून तर लोक पेटी घेतात."

"आत्ता म्हणालात ना, कोण वाचतंय म्हणून?"

कोपऱ्यात बसलेल्या आबेलला ठसका लागला. आबेल म्हणजे कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस. काप पेटीवर चिकटवायचं काम त्याचं. सत्तरीला आलेला, पाठ वाकलेली. उभ्या जन्मात एक अक्षर शिकला नव्हता, पण त्याच्या हातून चिकटलेला काप काही केल्या सुटायचा नाही. ऑव्हेंडननी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं तसा तो सरसाचं भांडं ढवळायला लागला.

"फार शहाणपणा शिकवू नकोस," ऑव्हेंडन म्हणाले. "तुझा बाप हॉलीचं लाकूड झऱ्याच्या पाण्यात भिजत घालायचा ना? पाण्यातल्या लोखंडानं ते करडं व्हायचं. तो रंग नव्हता होय? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!"

"घालायचा ना. आणि लेबलावर लिहायचा, झऱ्याच्या पाण्याचा. तुम्हीही लिहा, लंडनच्या बाटलीचा. लिहा, की मी आत्ता चूल पेटवते. मला उकळायचं वावडं नाही, मालक. खोटं बोलायचं वावडं आहे."

"असं छापलं तर कुत्रं विचारणार नाही."

"मग निदान माझ्या बापाचं नाव काढा. नुसतं ऑव्हेंडन ठेवा. तुमचं नाव, तुमची बाटली, तुमचा धर्म."

"नुसत्या ऑव्हेंडनला कोण विचारतं?" ऑव्हेंडन बोलून गेले. मग जीभ चावली, पण तोंडातून गेलेला शब्द आणि करवतीतून गेलेला ठोकळा परत जोडता येत नाही. ते लालबुंद झाले. "हे बघ थर्झा. नाव विकत घेतलंय मी. कागद आहेत माझ्याकडे. काड्या उकळायच्या, हंगामाआधी नऊ पेट्या तयार करायच्या. जमत नसेल तर शनिवारी माडी रिकामी कर. तुझ्यावाचून काही अडत नाही इथे."

थर्झानं बाटलीकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेल्या लेबलांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. प्रत्येकावर वरच्या ओळीत तिचा बाप.

"ठीक आहे, मालक," ती म्हणाली.

ऑव्हेंडन विजयी मुद्रेनं दुकानात गेले. आबेलनं सरसाची काठी खाली ठेवली.

"पोरी, तू ठीक आहे म्हणालीस?"

"म्हणाले."

"अरे देवा! आता काय होणार कोण जाणे."

त्यानं तिला लहानपणापासून पाहिलं होतं. थर्झा भांडत असेपर्यंत भीती नसायची. ती 'ठीक आहे' म्हणाली की माणसानं टोपी सांभाळावी.

त्या आठवड्यात तिनं काड्या उकळल्या. पोपटी झाल्या, वाळत घातल्या. मग चौकटीचा कागद घेऊन ती खिडकीपाशी बसली. मधलं चित्र जुनंच होतं, पडका मठ. नवी घडवायची होती ती भोवतालची किनार. गुलाबाची वेल, हिरवी पानं, आणि पानापानांना जोडणारे गडद देठ. तिनं त्या देठांना वळणं दिली. एक देठ वर, एक आडवा, एक अर्धवर्तुळ. आरशातून पाहिल्यासारखी सगळी उलटी. नुसतं बघणाऱ्याला वेलीचा गुंता दिसावा. आरसा धरणाऱ्याला एक शब्द दिसावा.

रंगवलेलं.

एवढाच शब्द. शिवी नाही, शाप नाही. खरं तेवढं. लेबल खोटं बोलणार असेल तर वेल खरं बोलेल, असा तिचा हिशेब. उलटं का? तर सुलटं घातलं असतं तर पेटी दुकानाबाहेरच पडली नसती. आणि लिहायची पेटी ज्याच्या घरी असते त्याच्या घरी ओली शाई टिपायचा टिपकागद असतो, टिपकागदावर उलटी अक्षरं उमटतात, आणि दुसऱ्याचा टिपकागद आरशासमोर धरून वाचणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. आज ना उद्या कुणीतरी वाचेल. ती मेल्यावर शंभर वर्षांनी वाचलं तरी चालेल. तिला घाई नव्हती.

ऑव्हेंडननी ठोकळा हातात घेऊन पाहिला. चौकटी मोजायला चष्मा लागायचा, आणि चष्मा लावला की वय दिसायचं, म्हणून ते चष्मा लावत नसत.

"वा! हिरवा बघ कसा उठलाय!" ते म्हणाले. "आणि देठांचा हा गुंता झकास साधलाय. तुझ्या बापाला असलं काही सुचलं नसतं."

"नाही सुचलं," थर्झा म्हणाली. "त्याला गरज पडली नाही."

ठोकळ्याचे छत्तीस काप निघाले, एका झाकणाला चार. काप दोन्ही अंगांनी सारखाच दिसतो, पण पालथा बसला तर उलटा शब्द सुलटा होणार. कुठली बाजू वर राहायची ते चिकटवणाऱ्याच्या हाती. म्हणून थर्झानं प्रत्येकाच्या एका बाजूला शिसपेन्सिलीनं फुली केली.

"फुली खाली ना?" आबेलनं विचारलं.

"सगळ्यांची खाली, आबेलकाका. एकही चुकवायची नाही."

"सत्तर वर्षांत चुकवली नाही ती आता चुकवीन?" तो फणकारला आणि चिकटवायला बसला. काय चिकटवतोय हे त्याला कळायचं कारण नव्हतं. थर्झानं सांगितलंही नाही. उद्या गळ्याशी आलं तर म्हाताऱ्याला शपथेवर सांगता यावं की मला माहीत नव्हतं.

नऊ पेट्या झाल्या. लाखेचं पॉलिश चढलं, मखमल बसली, दौती बसल्या. शेवटी ऑव्हेंडननी स्वतःच्या हातानं लेबलं चिकटवली. थर्झा तेव्हा तिथून उठून गेली, परसातल्या पंपाखाली तोंड धुतलं आणि परत आली. तिला रडू आलं होतं हे तिनं कुणाला सांगितलं नसतं.

हंगाम सुरू व्हायचा होता. झऱ्याचं पाणी प्यायला येणारी मोठी माणसं मे महिन्याशिवाय येत नाहीत. तरी पहिली पेटी लगेच गेली. घेतली ती गावातल्याच मिसेस स्ट्रडविकनी. ही बाई म्हणजे बोटीवरच्या कप्तानाची विधवा, वय पंचाहत्तर, हातात काठी, जिभेला हाड नाही. मुलाच्या घरी राहायची आणि सुनेशी तिचं जागतिक युद्ध चालू होतं. आणि देवाची करणी पाहा, शंभर वर्षं वाट बघायची तयारी ठेवलेल्या थर्झाला पुरते एकवीस दिवसही थांबावं लागलं नाही.

बुधवारी सकाळी दुकानाची घंटा अशी वाजली की कारखान्यात करवत थांबली. पाठोपाठ काठीचे ठोके.

"ऑव्हेंडन! आरसा आहे का दुकानात?"

"बाईसाहेब! या, या. आरसा? आरसा कशाला?"

"नसू दे. मी आणलाय."

थर्झा आणि आबेल मधल्या दाराशी आले. दुकानात आणखी दोन बायका आणि एक पाद्रीबुवा हातमोजे ठेवायचे डबे बघत होते. मिसेस स्ट्रडविकनी आपली पेटी काउंटरवर आपटली आणि पिशवीतून चांदीच्या दांड्याचा हातआरसा काढला.

"रोज सकाळी मी आरशापुढे बसते. सुनेचा टिपकागद वाचायला. लाजायचं काय त्यात, तिच्या पत्रात माझ्याबद्दल काय असतं ते मला कळायला नको? तर काल टिपकागद वाचता वाचता आरशात पेटीचं झाकण दिसलं. वाचा."

"बाईसाहेब, चष्मा घरी..."

"माझा घ्या."

ऑव्हेंडननी बाईचा चष्मा नाकावर चढवला. आरशात पाहिलं. रुबाबदार चेहऱ्याचा रंग आधी उडाला, मग परत आला तो दुप्पट.

"मोठ्यानं वाचा. पाद्रीबुवांनाही ऐकू दे."

ऑव्हेंडननी आरसा खाली ठेवला. मग पाद्रीबुवा पुढे आले आणि उपासनेत वाचावं तशा आवाजात वाचलं, "रंगवलेलं." पेटी फिरवली. "इथेही, रंगवलेलं. चारही बाजूंना आहे की!"

"चूक आहे, चूक!" ऑव्हेंडन एकदम म्हणाले. "काड्या सरकल्या, बाईसाहेब. ठोकळ्यात काड्या सरकतात कधीकधी."

"सरकून शब्द होतो?" मिसेस स्ट्रडविक म्हणाल्या. "मग आमच्या स्वयंपाकिणीच्या हातून वाटाणे सांडतात तेव्हा स्तोत्र व्हायला हवं एखादं. आजवर झालेलं नाही."

दोघी बायका फिदीफिदी हसल्या. ऑव्हेंडननी दाराकडे पाहिलं आणि त्यांना थर्झा दिसली. ते लगबगीनं आले, तिचा दंड धरला आणि दातांतल्या दातांत बोलले.

"तुझंच काम आहे. कळलं मला. आता ऐक. तिथे जाऊन सांग, चूक झाली. बाईमाणूस आहे, लिहिता येत नाही नीट, नक्षी समजून केलं म्हण. एवढं म्हण, माडी तुझी, काम तुझं, मरेपर्यंत. नाही म्हणालीस तर आत्ताच्या आत्ता रस्त्यावर. सेहेचाळिसाव्या वर्षी कुठे जाशील? कुठला कारखाना बाईला काड्या लावू देईल?"

त्यात खोटं काही नव्हतं. दुसरा कुठलाच कारखाना तिला बाकावर बसू देणार नव्हता. थर्झाला ते माहीत होतं. माडीवरची खिडकी आठवली, खिडकीतली जिरॅनियमची कुंडी आठवली. मग तिनं आपला दंड सोडवून घेतला आणि काउंटरपाशी गेली.

"नक्षी तू केलीस?" मिसेस स्ट्रडविकनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हो, बाईसाहेब."

"लिहिता येतं?"

"चांगलं येतं. उलटंसुद्धा येतं."

"थर्झा!" ऑव्हेंडन ओरडले.

मिसेस स्ट्रडविकनी पेटी उताणी केली आणि तळाच्या लेबलावर काठीचं टोक टेकवलं. "इथे म्हणतंय थेंब नाही. वर म्हणतंय रंगवलेलं. मी म्हातारी बाई, मला एवढंच सांग. वरचं खरं की खालचं?"

पाद्रीबुवांनी डबा खाली ठेवला.

"वरचं," थर्झा म्हणाली. "हिरवा बाटलीतला आहे. मीच उकळलाय, या हातांनी. चूक नाही, काडी सरकलेली नाही, मुद्दाम केलंय. नऊच्या नऊ पेट्यांवर आहे, आणि पुसता येणार नाही. घासा, रंधा मारा, तो शब्द कापाच्या आरपार आहे."

"चोराच्या उलट्या बोंबा!" ऑव्हेंडननी काउंटरवर मूठ आपटली. "माझं मीठ खाऊन माझ्याच घराला आग! चालती हो! आत्ता!"

"होते. आधी माझं सामान घेते."

"माडीवरचं घे आणि..."

"माडीवरचं नाही. हे."

तिनं एप्रनच्या खिशातून काड्या तासायचा चाकू काढला. दोघी बायका मागे सरकल्या. थर्झानं मांडणीवरची पहिली पेटी उचलली, काउंटरवर उताणी केली, जिभेनं बोट ओलं करून लेबलाच्या वरच्या ओळीवरून फिरवलं, आणि चाकूच्या पात्यानं ती ओळ अलगद कापून सोलून काढली. 'हिकमॉट' चाकूवर आलं. खाली राहिलं 'आणि ऑव्हेंडन'. आणि त्याखाली, थेंब नाही.

"हात लावू नकोस! पेट्या माझ्या आहेत!"

"पेट्या तुमच्याच. नाव माझं." दुसरी पेटी उताणी झाली. "आता खोटं बोलायचं तर स्वतःच्या नावानं बोला. माझ्या बापाच्या तोंडून नाही."

ऑव्हेंडन तिच्या अंगावर धावले, आणि नेमके तेव्हाच मधल्या दारातून आबेल उकळत्या सरसाचं भांडं घेऊन आडवा आला.

"सांभाळा हं मालक, गरम आहे," म्हातारा अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाला. "सांडला तर विजारीवरून निघत नाही." तो पुढेही जाईना, मागेही जाईना. भांड्यातून वाफ येत होती. ऑव्हेंडन डावीकडे सरकले की आबेल डावीकडे.

तिसरी, चौथी, पाचवी. चाळीस वर्षं बापाचं नाव ज्या जागी होतं तिथून थर्झाच ते उचकटत होती. पण एकही अक्षर फाटलं नाही. आठ झाल्या. नववी मिसेस स्ट्रडविकची.

"बाईसाहेब, तुमचीही," ती म्हणाली. "पैसे मालक परत देतील. नाहीतर पाद्रीबुवा आहेतच साक्षीला."

म्हातारीनं पेटी स्वतः उताणी करून धरली. "नाव घे तुझं. पण पेटी मी परत देणार नाही. खरं बोलणारं दुसरं काही नाही आमच्या घरात."

थर्झानं नववी ओळ सोलली. नऊ कागदी पट्ट्या ओल्या तळहातावर एकावर एक ठेवल्या, रुमालात बांधल्या, रुमाल एप्रनच्या खिशात टाकला. मग एप्रन न काढताच ती दुकानाच्या पुढच्या दारानं बाहेर पडली. अठरा वर्षांत त्या दारानं बाहेर पडायची तिची पहिलीच वेळ. कामगारांनी मागल्या दारानं जायचं असा ऑव्हेंडनांचा नियम होता.

चढावर पोचली तोच मागून धापा ऐकू आल्या. आबेल येत होता, हातात सरसाचं भांडं तसंच.

"काका, ते भांडं मालकांचं आहे!"

"भांडं माझं. सरस त्यांचा. थंड झाला की परत नेऊन देतो." तो दगडावर टेकला आणि श्वास जमवला. "मला कळू दे तरी. छत्तीस वेळा मी काय चिकटवलं?"

तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं भांडं खाली ठेवलं. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसला.

"मी! मीच चिकटवलं! आणि फुली एकही चुकली नाही ना?"

"एकही नाही."

"मग ठीक." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "कुठे जाणार आहेस?"

"माहीत नाही."

"आमच्या घरामागे डुकराची खोपटी आहे. डुक्कर नाताळात खाल्लं. चांगली कोरडी आहे, खिडकी पाडून देतो. बाक बसेल एक. पण काड्या कुठून आणशील? हिरवा कुठून आणशील?"

"परवा वादळ झालं ना? रानात फांद्या पडल्यात."

"पाय ओले होतील."

"होऊ देत की!"

आबेलची नजर तिच्या खिशाकडे गेली. रुमालाचं टोक बाहेर आलं होतं. "आणि त्या चिंध्या कशाला घेतल्यास? ओल्या कागदाचं काय करणार?"

"वाळवणार," थर्झा म्हणाली. "नऊ आहेत. म्हणजे नऊ पेट्यांची सोय झाली. चिकटवायला तुम्हीच लागाल, काका."

"ते झालंच. फुली खाली?"

"या वेळी फुलीच नाही. कुठूनही वाचा, सुलटंच दिसेल."